किड्याच्या पाठीवरचं टेंगूळ

"लेन्स उलटी लागतीय तुमची," मी म्हणाले.

"उलटीच लावायचीय," शिरीष म्हणाला.

कोयनेच्या काठावर एका बाभळीपाशी आम्ही उकिडवे बसलो होतो. नुकतं फटफटलं होतं. आमच्या लग्नाला पुरतं अर्धं वर्षही झालं नव्हतं आणि तेवढ्या काळातली आमची बोलणी 'जेवायला वाढू का' आणि 'लाईट गेली वाटतं' यांच्या फारशी पुढे सरकली नव्हती. शिरीष आपल्या डिजिटल कॅमेऱ्याला त्याच्या वडिलांच्या रिळाच्या कॅमेऱ्याची जुनी लेन्स बसवत होता. पण तोंड कॅमेऱ्याकडे आणि बूड जगाकडे. मला वाटलं, हा माणूस एक तर माझी चेष्टा करतोय, नाहीतर याला धंद्यातलं काही कळत नाही.

"आण्णा करायचे असं," तो म्हणाला. "दागिन्याच्या नक्षीचा फोटो कुणाला हवा असला की. उलटी लावली की लांबचं काही दिसत नाही. जवळचं मात्र लई मोठं दिसतं."

"किती जवळचं?"

"नाक टेकेल एवढं."

एका हातानं ती लेन्स कॅमेऱ्याच्या तोंडावर दाबून धरत तो फांदीवर वाकला. फांदीवर माझा किडा बसला होता. साळीच्या दाण्याएवढा, काळपट, डोक्यामागे दोन बाजूंना दोन शिंगं आणि पाठीवरून शेपटाकडे गेलेला एक वाकडा काटा. शिंगवाला तुडतुडा. हलला नाही तर बाभळीचाच काटा समजून कुणीही पुढे जाईल.

"ह्याला फोटो कशाला पायजे?" शिरीषनं विचारलं.

"त्याला नकोय. मला हवाय."

त्यानं पुढे काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आमच्या घरात तेव्हा हे असंच चालायचं.

सांगण्यासारखं होतं ते एवढंच. मी कोल्हापूरला प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, डॉ. खानोलकर मॅडमच्या हाताखाली. पुढे पीएच.डी. करणार असं मी धरून चालले होते, आणि आता बास झालं असं वडील धरून चालले होते. पाटणचं स्थळ आलं. मुलाचा स्वतःचा स्टुडिओ, बाजारपेठेत, 'माळवदे फोटो', घरचं सगळं चांगलं. नाही म्हणायला कारण सापडलं नाही, म्हणून हो म्हणाले. लग्नानंतर काही दिवसांनी स्टुडिओत मॅडमचा फोन आला. सह्याद्रीतल्या या तुडतुड्यांवर त्यांना प्रकल्प मिळाला होता आणि त्यांना कोल्हापुरात राहून काम करणारी एक पगारी असिस्टंट हवी होती. "पण जागा एक आणि मागणारे पुष्कळ," त्या म्हणाल्या. "तुझ्या भागात काय काय आहे त्याचे चांगले फोटो पाठव. जिवंत किडे, झाडावर बसलेले. कमिटीपुढे ठेवण्याजोगं काही निघालं तर मला तुझ्यासाठी भांडता येईल."

मला ती जागा हवी होती. इतकी, की रात्री सासूबाईंचे पाय चेपताना मी मनातल्या मनात कोल्हापुरातली खोली लावत असे. टेबल खिडकीशी, मायक्रोस्कोप डाव्या हाताला. त्या खोलीत शिरीष कुठे बसेल याचा विचार मी केला नव्हता. घरी मी फक्त 'मॅडमना फोटो पाठवायचेत' एवढंच सांगितलं होतं.

पहिल्या दिवशीचे सगळे फोटो वाया गेले. अर्धे काळेकुट्ट होते, कारण लेन्सचं तोंड बारीक केलं की उजेडच आत जात नव्हता. मोठं केलं की किड्याचा एक डोळा तेवढा स्पष्ट आणि बाकीचा किडा धुक्यात. लेन्स हातानं धरलेली, त्यामुळे फटीतून ऊन शिरायचं ते वेगळंच. शिरीष वैतागेल असं मला वाटलं होतं. तो वैतागला नाही. घरी येऊन त्यानं कॅमेऱ्याचं एक जादा झाकण घेतलं, त्याला मधोमध भोक पाडलं आणि त्यावर जुन्या फिल्टरची कडी डिंकानं चिकटवली. आता लेन्स उलटी फिरवून त्या कडीत बसत होती आणि हात मोकळा राहत होता. उजेडासाठी श्रीखंडाचा डबा कापून त्यानं फ्लॅशवर बसवला. डब्यातलं उरलेलं श्रीखंड सासूबाईंनी वाटीत काढून घेतलं आणि दारात उभ्या राहून विचारलं, "काय चाललंय गं तुमचं?"

"किड्याचे फोटो काढतोय, आई."

"लगीनसराई तोंडावर आली आन् ह्यो किड्यांचं फोटू काढतोय व्हय? पोराला चांगलं नादाला लावलंस की माझ्या." त्या रागावल्या नव्हत्या. शेजारच्या काकूंना त्यांनीच हौसेनं सांगितलं, की आमची सून किड्यांची डॉक्टर आहे.

मग आम्ही रोज उजाडताना नदीवर जायला लागलो. गारठ्यानं किडे आखडलेले असतात, पटकन उडत नाहीत, हे मला माहीत होतं. बाकीचं शिरीषनं शोधून काढलं. उलट्या लेन्सला फोकसची कडी फिरवून काही उपयोग नाही. आपणच पुढे-मागे व्हायचं, तेही केसभर. श्वास घेतला तरी किडा फोकसमधून जातो. वाऱ्यानं फांदी हलली तर विचारूच नका. यावर त्यानं उपाय काढला तो असा, की फांदी मी धरायची आणि लेन्स त्यानं माझ्याच मुठीवर टेकवायची. म्हणजे फांदी हलली तर हात हलतो आणि हात हलला तर लेन्सही बरोबर हलते.

"घट्ट धर," तो म्हणायचा. "आता श्वास सोड. सोडला? थांब आता."

माझ्या बोटांवर ती गार लेन्स टेकायची आणि त्याचं कपाळ माझ्या कपाळापासून वीतभर अंतरावर असायचं. लग्नात अंतरपाट दूर झाला तेव्हाही आम्ही एकमेकांना इतक्या जवळून पाहिलं नव्हतं. अर्थात तो बघत होता किड्याकडे, आणि मीही. मला हे आवडायला लागलं होतं. ते कोल्हापूरच्या खोलीत कुठे बसवायचं हे न कळल्यानं मी ते बाजूला ठेवलं.

कॅमेऱ्याच्या मागचा पडदा काडेपेटीएवढा. त्यावर शिंगं दिसली, काटा दिसला, की मी खूश. माझं भिंग माहेरी राहिलं होतं. पाच फोटो उत्तम जमले. शिरीषनं ते संगणकावर घेतले, त्याच्या पद्धतीनं तयार केले, सीडी केली, आणि मी ती कुरियरनं मॅडमना धाडली.

आठवडाभरानं स्टुडिओतल्या फोनवर मॅडमचा आवाज आला. त्या कधी ओरडत नसत. त्या दिवशी जवळजवळ ओरडल्या.

"वृंदा, टेंगूळ कुठंय?"

"कसलं टेंगूळ, मॅडम?"

"अगं, तो मागचा काटा जिथून निघतो, तिथं खाली एक बारीक टेंगूळ असतं. या किड्याची खूणच ती. आजवर जिथे जिथे सापडलाय तिथे आहे. तुझ्या पाचही फोटोंत नाही! पाठ अगदी गुळगुळीत आहे. हा वेगळा किडा आहे, कळतंय का तुला? नवीन! फोटो कुणी काढले? काय सुरेख काढलेत!"

"इथले एक फोटोग्राफर आहेत," मी म्हणाले. ते फोटोग्राफर समोरच एका बाळाला खुळखुळा दाखवून पासपोर्ट फोटोसाठी सरळ बसवत होते.

"सोमवारी कमिटी आहे. तुझं नाव मी आजच कळवून टाकते. तू फक्त तिथले दोन-तीन किडे पकडून स्पिरिटमध्ये घालून आण. फोटोवरून जागा मिळेल, पण नवीन म्हणून छापायचं तर किडा हातात पाहिजे."

मी फोन ठेवला. बारसं झाल्यासारखा आनंद झाला होता मला, आणि तो सांगायला कुणी नव्हतं. शिरीषनं मान वर करून पाहिलं. "बरी बातमी?" त्यानं विचारलं. "बरी," मी म्हणाले.

त्याच दिवशी माहेरून भावाबरोबर भिंग मागवून घेतलं आणि दुसऱ्या दिवसापासून बाभळीवरचा एकेक किडा पकडून भिंगाखाली धरायला लागले. पहिल्याला टेंगूळ होतं. काट्याच्या मुळाशी, मोहरीपेक्षा कितीतरी बारीक, पण स्पष्ट. दुसऱ्यालाही होतं. तिसऱ्यालाही. मी स्वतःला समजावलं, की एका झाडावर दोन जाती असू शकतात. जुनी जास्त, नवी थोडी. ती थोडी आपल्याला शोधायची आहे. ती बाभूळ झाली, मग शेजारची झाली, मग पुलापलीकडची. शनिवारी सकाळपर्यंत मी एवढे तुडतुडे तपासले होते की डोळे मिटले तरी शिंगं दिसत.

शिरीष रोज बरोबर यायचा. कॅमेरा गळ्यात, पण काढायला काही नाही. दगडावर बसून माझ्याकडे बघत राहायचा.

"ह्यालाही आहे," मी म्हणाले आणि हातातला किडा सोडून दिला.

"काय आहे?"

त्या पहिल्या सकाळनंतर किड्याबद्दल त्यानं आत्ताच विचारलं होतं, आणि मी इतकी कातावले होते की पहिल्यांदा सांगून टाकलं. "टेंगूळ! त्या काट्याच्या बुडाशी. आपल्या फोटोतल्यांना नाहीये. मॅडम म्हणाल्या, म्हणून तर तो नवीन किडा आहे. आणि आता बघावं तर जो तो टेंगूळ घेऊन बसलाय."

शिरीषनं गळ्यातला कॅमेरा काढून मांडीवर ठेवला. 

"होतं," तो म्हणाला.

"काय होतं?"

"टेंगूळ. फोटोतल्या सगळ्यांना होतं. मी काढलं."

मला खरंच कळलं नाही. "काढलं म्हणजे? कसं काढलं? तुम्ही किड्याला हात लावलात?"

"किड्याला न्हाई. फोटोत. टचिंग करताना."

समोर नदी वाहत होती. पलीकडच्या काठावर कुणीतरी म्हशी धूत होतं. मी त्या म्हशींकडे बघत राहिले.

"मला वाटलं चामखीळ हाय," शिरीष म्हणाला.

"किड्याला चामखीळ?"

"मला काय म्हाईत किड्याला काय असतं ते? स्टुडिओतनं बाहेर जाणारा फोटो आम्ही तसाच सोडत न्हाई. पोरीच्या गालावर तीळ असू दे, देवीचे वण असू देत, सगळं काढून मग लॅबला पाठवतो. आण्णा काचेवर ब्रश घेऊन करायचे, मी संगणकावर करतो. ह्याचं अंग एवढं चांगलं, चकचकीत, आन् मधीच तेवढं एक. वाईट दिसत होतं." थोडं थांबून तो म्हणाला, "पाचही फोटोंत सारखं जमलं होतं. अर्धा दिवस गेला त्यात."

मला हसू आलं नाही. आता ही हकीकत सांगताना येतं. तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "वाटोळं केलंत तुम्ही माझं."

"पहिले फोटो ठेवलेत का?" मग मीच विचारलं.

"त्याच्यावरच सेव्ह केलं. दुसऱ्या दिवशी देसायांचं लग्न होतं, कार्ड मोकळं केलं."

मी भिंग पिशवीत टाकलं आणि घराकडे चालायला लागले. तो मागून आला. वाटेत एक चढ आहे, तिथं त्यानं मला गाठलं.

"सोमवारी मिटिंग हाय ना?"

मी थांबले. सोमवारचं मी त्याला सांगितलं नव्हतं.

"फोन स्टुडिओतच असतो की," तो म्हणाला. "मॅडमचं बोलणं बाहेर ऐकू येतं. कोल्हापूरची जागा, पगार, तिथं राहायचं, सगळं ऐकलंय. टेंगळाचं तेवढं त्या बाळाच्या खुळखुळ्यापायी ऐकू आलं न्हाई. तू मॅडमना आत्ता काही बोलू नकोस. जागा मिळू दे. ऑर्डर हातात पडली की मग सांग, किडे घावले न्हाईत म्हणून."

"हे खोटं नाही का?"

"लोक टचिंग केलेल्या फोटोवर लग्नं ठरवतात. मग हळूहळू कळतं. कोण मोडत बसतंय?"

"तुम्हाला मी कोल्हापूरला जायला हवीय का?"

त्यानं कॅमेऱ्याचा पट्टा एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतला. "मला काय हवंय ते कुठं विचारलंस तू. तुला जायचंय ना? मग जा की."

मला त्याचा संताप आला होता आणि त्याच क्षणी त्याच्याबद्दल माया दाटून आली. दोन्ही एकदम आल्यावर काय करायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी भराभर चालत सुटले. जागा मला अजूनही हवी होती. उलट आता जास्तच, कारण ती हातात आल्यासारखी होती. पण ती मिळाल्यावर त्या खिडकीपाशी बसून मी जे काही बघणार, त्याची सुरुवात एका पुसलेल्या टेंगळापासून होणार होती. ते मला जमलं नसतं. यात थोरपणा काही नाही. मला ती खोलीच डोळ्यांपुढे येईना.

स्टुडिओ उघडल्या उघडल्या मी फोन लावला. शिरीष काउंटरवर काच पुसत होता.

"मॅडम, फोटोतल्या किड्यांना टेंगूळ आहे," मी म्हणाले. "फोटोग्राफरनं ते पुसलं होतं. लग्नाच्या फोटोतले डाग काढतात, तसं."

पलीकडून मॅडमनी हळूच विचारलं, "पाचही?"

"पाचही."

"असा कोण गं हा फोटोग्राफर?"

शिरीष काच पुसायचा थांबला होता.

"माझे मिस्टर आहेत, मॅडम."

मॅडमनी एक मोठा श्वास घेतला. त्या हसल्या की काय ते मला नीट कळलं नाही. "बरं झालं आज सांगितलंस," त्या म्हणाल्या. "छापून आल्यावर सांगितलं असतंस तर माझी शोभा झाली असती. पण आता कमिटीपुढे मी काय ठेवू, वृंदा? नेहमीचा किडा, नेहमीच्या झाडावर? ती जागा आता दुसऱ्या मुलीला जाईल. मला वाईट वाटतंय."

"मलाही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

"गेली?" शिरीषनं विचारलं.

"गेली."

त्या दिवशी आम्ही एकमेकांशी बोललो नाही. म्हणजे पहिल्यासारखं 'वाढू का' सुद्धा नाही. सासूबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होत्या. मी उशीत तोंड खुपसून रडले. मला मन भरून रडायचं होतं आणि तसं रडले.

दुसऱ्या दिवशी उजाडताना मी मुद्दाम झोपून राहिले. शिरीष येऊन उभा राहिला.

"ऊठ. जायचंय."

"कशाला? संपलं ते."

"फोटो परत काढून द्यायचेत. टेंगळासकट. आमच्याकडं काम खराब झालं तर आम्ही परत करून देतो. गिऱ्हाइकाला मागावं लागत न्हाई."

"मी काय गिऱ्हाईक आहे?"

"मग नवरा म्हणून देतो. ऊठ."

गेलो. त्याच बाभळीपाशी उकिडवे बसलो. मी फांदी धरली, त्यानं लेन्स माझ्या मुठीवर टेकवली. तुडतुडा गारठून बसला होता. एक मुंगी त्याच्या पाठीवर चढली, त्या काट्याच्या बुडाशी घुटमळली, मिशांनी तिथंच ठोकत राहिली आणि उतरून गेली. मी ते रोज बघत होते. शेपटातून गळणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या या किड्यांच्या मागे असतातच. शिरीषनं मात्र कॅमेऱ्यावरून डोळा काढला.

"तिथंच का ठोकत होती ती?"

"कुठं?"

"त्या टेंगळावर. बाकी कुठं गेलीच न्हाई. ते असतं कशाला त्याला?"

"माहीत नाही."

"मॅडमना?"

"मला नाही वाटत. पुस्तकात एवढंच लिहिलंय, की असतं."

"म्हणजे कुणालाच म्हाईत न्हाई?" तो खरोखरच गोंधळला होता. "मग ते कशाला असतं ते बघायचं सोडून तुम्ही सगळ्या ते नसलेला किडा कशाला हुडकत बसला होता?"

मी त्याच्याकडे बघत राहिले. मग पुन्हा फांदीकडे पाहिलं. दुसरी मुंगी आली होती. तीही थेट तिथंच गेली.

"काढा," मी म्हणाले. "लवकर काढा. आणि नंतर यातलं काही पुसू नका, तुम्हाला शपथ आहे."

ती मुंगी उतरेपर्यंत त्यानं फोटो काढले. मग तिसरीचे काढले. ऊन वर आलं, तुडतुडा हातपाय झाडून उडून गेला, तेव्हा तो कंबर धरून उभा राहिला आणि म्हणाला, चहा घेऊन मग स्टुडिओ उघडू. मला तेवढा धीर नव्हता, कमिटी उद्याच होती. स्टुडिओची किल्ली त्याच्या शर्टाच्या खिशात असे. लग्न झाल्यापासून त्या खिशात मी कधी हात घातला नव्हता. तेव्हा घातला, किल्ली काढली, आणि मॅडमना दुसऱ्यांदा फोन लावायला बाजारपेठेकडे पळत सुटले.